लोखंडी पूल भंगारात काढण्याआधी धुऊन आणि मोजून पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

१५ जून २०२५ रोजी मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तेव्हापासून आपल्या सीमाभागातही जुन्या लोखंडी पुलाचा विषय निघाला की 'पाडून टाका एकदाचा' असंच ऐकू येतं. लोकांची भीती खरी आहे. पण या भीतीपोटी खानापूरच्या जंगलपट्टीतल्या ओढ्यांवर, मलप्रभा-मार्कंडेय-घटप्रभेच्या काठच्या आडरस्त्यांवर आणि जुन्या कालव्यांवर अजून उभे असलेले मोजके कैचीचे, म्हणजे लोखंडी त्रिकोणांच्या सांगाड्याचे (ट्रस), पूल तपासणी न होताच गॅसकटरखाली जातील, याची आम्हाला काळजी वाटते. गोकाक धबधब्यावरच्या झुलत्या पुलाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्याचे फोटो निघतात. गावरस्त्यावरच्या कैचीच्या पुलाला असा कोणी वाली नाही. तो कशाने बिघडतो आणि कशाने टिकतो, ते गावकऱ्यांना, पंचायत सदस्यांना आणि साखर कारखान्यांच्या शेती अधिकाऱ्यांना कळावं म्हणून हे पत्र.

आधी अपघातांबद्दल. १८ मे २०१७ रोजी गोव्यात कुडचडे-सावर्डे येथे पोर्तुगीजकालीन लोखंडी पादचारी पूल पडला. तो वापरासाठी बंद होता, पण नदीत चाललेलं शोधकार्य बघायला माणसं त्यावर चढली. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसं गेली. तिथल्या तपासात निघालं की मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजल्या होत्या, हलक्या लाकडी फळ्या काढून जड अॅल्युमिनियमचा तळ घातला होता आणि नव्या लोंबत्या सळ्या जुन्यांना वेल्ड करून जोडल्या होत्या. कुंडमळ्यातही पूल धोकादायक असल्याचा फलक होता आणि वर पर्यटकांची गर्दी होती. तिन्ही ठिकाणी ओझं वाहनांचं नव्हतं, माणसांचं होतं.

हे जरा आकड्यात पाहू. दाटीवाटीच्या गर्दीसाठी अभियंते चौरस मीटरला साधारण ५०० किलो वजन धरतात. २० मीटर लांब आणि पावणेचार मीटर रुंद पूल माणसांनी गच्च भरला तर ३७ टनांहून जास्त भार होतो. दोन ट्रॉल्यांत वीस-बावीस टन ऊस भरलेला ट्रॅक्टर, ट्रॉल्यांच्या वजनासकट, तीस टनांच्या आसपास जातो. म्हणजे 'वाहनांना बंदी केली, आता काळजी नाही' हा समज धोक्याचा आहे. गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी किंवा पूर बघायला गाव पुलावर लोटतं तेव्हा त्या पुलावर वर्षातला सगळ्यात मोठा भार असतो. शिवाय ती गर्दी नदी ज्या बाजूने दिसते त्याच बाजूच्या कठड्याला भिडते, म्हणजे पुलाच्या दोन बाजूंच्या दोन कैच्यांपैकी एकीवर निम्म्याहून जास्त वजन जातं. कैचीच्या पुलांना जपायचं असेल तर पहिली शिस्त हीच: विसर्जनाला आणि पुराच्या दिवसांत दोन्ही टोकांना दोर बांधून दोन-दोन माणसं उभी करायची आणि पुलावर कोणालाही थांबू द्यायचं नाही.

आता पुलाकडे वळू. कैचीचा पूल म्हणजे त्रिकोणांची रांग. त्यांची वरची लांब आडवी पट्टी, म्हणजे वरची कॉर्ड, दाबात असते, खालची ताणात. मधल्या तिरप्या-उभ्या भागांपैकी काही ताणात, काही दाबात. हे सगळे सांध्यावर एकत्र येतात आणि तिथे गसेट प्लेटवर (सांधा धरणाऱ्या सपाट पाटीवर) रिव्हेटने, म्हणजे दोन्ही बाजूंना माथा असलेल्या लोखंडी खिळ्याने, जखडलेले असतात. दोन कैच्यांमध्ये आडवे क्रॉस गर्डर, त्यांवर लांबीच्या दिशेने स्ट्रिंजर आणि त्यांवर रस्त्याचा तळ. बहुतेक गावपुलांना कैच्या दोनच असतात. त्यामुळे ताणातला एक मुख्य भाग तुटला तर भार वाटून घ्यायला तिसरं कोणी नसतं. म्हणूनच या पुलाची तपासणी कुठेतरी सरासरी नजर टाकून करायची नाही, ठरावीक जागी वाकून, हात लावून करायची.

त्या जागा जवळपास सगळ्या रस्त्याच्या पातळीच्या खाली असतात. वरची कॉर्ड पावसाने धुतली जाते, वाऱ्याने वाळते आणि शंभर वर्षांनंतरही ठणठणीत सापडते. खालच्या सांध्यात मात्र गसेट प्लेट, चॅनेल आणि क्रॉस गर्डरचं टोक मिळून एक खोबण तयार होते. त्यात रस्त्यावरची माती, शेण, उसाचं पाचट, पारव्यांची विष्ठा साठते. आपल्याकडे खतांच्या पोत्यांतून सांडलेलं पोटॅशही त्यात पडतं, आणि पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठ. हा लगदा जूनमध्ये भिजला की दिवाळीपर्यंत ओलाच राहतो. लोखंड पाण्याने गंजतं त्यापेक्षा अशा ओल्या मातीखाली कितीतरी लवकर गंजतं, कारण ते वाळतच नाही. माणसाची थुंकीही कमी नाही. कोलकात्याच्या हावडा पुलावर पान-तंबाखूच्या थुंकीने खांबांच्या पायथ्याची ६ मिलिमीटरची आवरणं काही वर्षांत निम्म्यावर आल्याचं २०११ च्या तपासणीत निघालं आणि शेवटी पायथ्यांना फायबरग्लासची आच्छादनं घालावी लागली.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. वर्षातून दोनदा, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा पूर ओसरल्यावर लगेच, पूल धुवायचा. २० मीटरच्या एका गाळ्याला (दोन आधारांमधल्या भागाला) चार-पाच माणसांचा एक दिवस आणि पाच हजार लिटरचा एक टँकर पुरतो. आधी खुरपी आणि लाकडी उलथण्याने सांध्यातली माती कोरडीच काढायची, मग ब्रश मारत पाण्याने धुवायची. पाणी वरून खाली, आणि शेवटचा हात बेअरिंगपाशी, म्हणजे कैचीचं टोक दगडी खांबावर टेकतं तिथे. पाणी निघून जाण्याची मूळ भोकं सळईने मोकळी करायची. ती नसतील तर स्वतःच्या मनाने नवं भोक पाडू नये, खालची कॉर्ड ताणात असते आणि तिथलं प्रत्येक भोक तिचा छेद, म्हणजे भार पेलणारं क्षेत्रफळ, कमी करतं. पूर ओसरल्यावरची धुलाई महिनाभर पुढे ढकलली की गाळ घट्ट बसतो आणि मग छिन्नी लावावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णा खोऱ्यातल्या अनेक पुलांच्या खोबणीत असा गाळ राहिला असणार. तो काढला का, हे गावाने आपापल्या पुलाखाली जाऊन बघावं.

धुतल्याशिवाय मोजणी करून उपयोग नाही, आणि मोजल्याशिवाय 'पूल जीर्ण झाला' म्हणण्याला अर्थ नाही. वरवर तपकिरी दिसणारा पूल आतून भक्कम असू शकतो, आणि चकचकीत चांदी रंग मारलेल्या पुलाची गसेट प्लेट कागदासारखी झालेली असू शकते. म्हणून प्रत्येक खालच्या सांध्यावर हाताएवढी जागा चकाकेपर्यंत घासायची आणि जाडी घ्यायची. कडा मिळते तिथे व्हर्नियर कॅलिपरने, जिथे एकच बाजू हाताला लागते तिथे ध्वनिलहरींनी जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक गेजने. एक उदाहरण देतो. १०० बाय १०० बाय १० मिलिमीटरच्या अँगलचा छेद सुमारे १९ चौरस सेंटीमीटर असतो. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर गंज खाल्ला तर तो तेरावर येतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश ताकद गेली. डोळ्याला हा फरक कळत नाही. रंगाच्या थरावरून गेज लावलं तर जाडी जास्त दिसते. उलट पुलाचं लोखंड जुनं घडीव असेल तर त्याच्या पोटातल्या मळीच्या (भट्टीतल्या स्लॅगच्या) थरावरून ध्वनी परततो आणि जाडी फसवी कमी दिसते. अशा वेळी शेजारच्या कडेवर व्हर्नियरने ताळा करून घ्यावा.

लोखंड कुठलं आहे हे कळणं फार महत्त्वाचं. साधारण १८९० पर्यंतचे पूल घडीव लोखंडाचे, त्यानंतर हळूहळू पोलाद आलं. अँगल-चॅनेलच्या पोटावर रोलिंग मिलचं नाव उठावदार अक्षरांत असतं: डॉर्मन लाँग, लॅनार्कशायर, नंतरच्या काळात टाटा. बांधणाऱ्या कारखान्याची ओतीव पाटी बहुधा टोकाच्या तिरप्या खांबावर असते. बर्न, जेसप, मुंबईचे रिचर्डसन अँड क्रुडास ही त्या काळातली मोठी नावं. या पाट्या भंगारवाल्यांच्या डोळ्यांत आधी भरतात, म्हणून आजच त्यांचे फोटो काढून पंचायतीत ठेवावेत. एवढ्यानेही खात्री पटली नाही तर कमी ताणाच्या जागेवरून, उदाहरणार्थ दोन चॅनेल जोडणाऱ्या लेसिंग पट्टीच्या टोकाकडून, छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत रासायनिक आणि ताण चाचणी करता येते. काढलेल्या पट्टीच्या जागी नवी पट्टी लगेच बोल्टने बसवायची.

लेसिंग पट्ट्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्या चोरीला जातात आणि कुणाला त्यांचं काही वाटत नाही. दाबातला खांब म्हणजे दोन चॅनेल, आणि त्यांना नागमोडी जोडणाऱ्या पाऊण-एक सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या. भार पट्ट्यांवर नसतो, हे खरं. पण त्या आहेत म्हणून दोन चॅनेल मिळून एक जाड खांब होतात. सलग तीन-चार पट्ट्या गेल्या की तेवढ्या लांबीत दोन बारीक काठ्या उरतात आणि दाबाखाली त्या बाजूला वाकतात. एखाद्या खांबाच्या पट्ट्या गायब दिसल्या तर तो पूल त्याच दिवशी जड वाहनांना बंद करावा, मग चौकशी.

रिव्हेट तपासायला शंभर-दीडशे ग्रॅमची छोटी हातोडी पुरते. एका बाजूच्या माथ्यावर बोट टेकवायचं, दुसऱ्या बाजूने हलकं ठोकायचं. घट्ट रिव्हेट खणखणीत वाजतो. सैल असेल तर आवाज बोदा येतो आणि बोटाला थरथर लागते. माथ्याखालून लालसर ओघळ आलेला असेल तर आत हालचाल आहे असं समजावं. सैल रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट होत नाही, तो बदलावाच लागतो. माथा ग्राइंडरने किंवा ड्रिलने काढायचा, दांडी पंचने बाहेर ठोकायची, भोक रीमरने साफ करायचं आणि त्यात नेमक्या मापाचा, लेथवर टर्न केलेला बोल्ट किंवा हाय स्ट्रेंग्थ फ्रिक्शन ग्रिप बोल्ट (आवळून घर्षणाने प्लेटा धरणारा) बसवायचा. एका वेळी एकच. सांध्यातले चार रिव्हेट एकदम काढले तर उरलेल्यांवर सगळा भार येतो. गॅसकटर इथे वर्ज्य, कारण त्याची आच भोकाच्या कडेला जाते आणि तिथूनच पुढे चीर सुरू होते. तापवून ठोकायचा रिव्हेट आजही भारतीय मानकांनुसार मिळतो, पण ठोकणारी टोळी मिळणं अवघड झालंय. बोल्ट टर्न करायला मात्र बाहेर जायची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे औद्योगिक वसाहतींत शतांश मिलिमीटरची कामं रोज होतात.

दोन प्लेटांच्या मध्ये गंज शिरला की वेगळीच अडचण होते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या सहा-सात पटींपर्यंत जातं. तो प्लेटा एकमेकींपासून ढकलतो, दोन रिव्हेटांमधला भाग फुगतो आणि शेवटी रिव्हेटचा माथा उडतो. फुगवटा तीन-चार मिलिमीटरच्या आत असेल तर आतला सैल गंज काढून, भेदक प्राइमर सोडून, कडा सीलंटने बंद करता येतात. त्याहून जास्त असेल तर तो सांधा उघडावा लागतो. मात्र सांधा उघडण्याआधी खालून टेकू आणि जॅक देऊन त्या भागातला भार काढून घेणं अपरिहार्य आहे. तेवढी तयारी नसेल तर हात लावू नये.

आणि वेल्डिंग. गावात एखादा पूल 'दुरुस्त' होतो तेव्हा पहिल्यांदा जनरेटर आणि वेल्डिंग मशीनच येतं. आमचा कळकळीचा आग्रह आहे की जुन्या कैचीच्या ताणातल्या भागांवर वेल्डिंग करू नये. घडीव लोखंडात मळीचे धागे असतात, त्यात वेल्ड केल्यावर थर सुटतात. जुन्या पोलादात गंधक आणि फॉस्फरस बरेचदा जास्त असतं, त्यामुळे वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडते. रिव्हेटच्या सांध्यात एका प्लेटची चीर शेजारच्या प्लेटमध्ये जात नाही. वेल्डने दोन्ही एकजीव झाल्या की ती चीर सरळ पलीकडे जाते. फक्त मोठ्या दुरुस्तीचंच नव्हे, पाण्याच्या पाइपचा ब्रॅकेट, केबलचा हूक, झेंड्याची नळी, स्वागताची कमान, यातलं काहीही खालच्या कॉर्डला वेल्ड करू नये. पाइप न्यायचाच असेल तर तो क्लँपने, मधे रबर घालून धरावा. त्याचा सांधा पुलाच्या सांध्यावर येणार नाही हेही पाहावं, नाहीतर गळती वर्षभर तिथेच ठिबकते.

असंच एक घातक काम काँक्रीटचं. 'मजबुती' म्हणून खालच्या कॉर्डचं टोक आणि बेअरिंग काँक्रीटमध्ये बुजवून टाकतात. लोखंड जिथे काँक्रीटमध्ये शिरतं त्या रेषेवर पाणी साचतं आणि गंज तिथेच खोल जातो, तोही दिसणार नाही असा. शिवाय पूल आखडतो. ३० मीटरचा लोखंडी गाळा ३० अंशांच्या फरकाने सुमारे ११ मिलिमीटर लांब-आखूड होतो. एका टोकाचे रोलर किंवा सरकती प्लेट त्यासाठीच असते. ती मातीने किंवा काँक्रीटने अडली की हे ११ मिलिमीटर दगडी खांबाचा माथा ढकलतात, अँकर बोल्ट वाकतात, दगडांचे सांधे उघडतात. बेअरिंग मोकळं करून ग्रॅफाइट ग्रीस भरणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. दगडी खांबाच्या सांध्यात पिंपळ-वडाची रोपं दिसली तर ओढून काढू नयेत, दगड हलतात. बुंध्याशी कापून मुळात तणनाशक सोडावं आणि सांधे चुन्याच्या मसाल्यानेच भरावेत. सिमेंट चुन्यापेक्षा कडक पडतं आणि आतली ओल अडवतं.

पुलाचं मूळ वजन कसं वाढत जातं तेही बघण्यासारखं आहे. वर सांगितलेल्या २० मीटरच्या पुलावर २५ मिलिमीटर डांबराचा एक थर म्हणजे सव्वाचार टन कायमचं ओझं. रस्त्याच्या कामात पूल मधे आला म्हणून तीन वेळा थर चढला की तेरा टन. लाकडी तळ काढून १५० मिलिमीटरचा काँक्रीट स्लॅब घातला तर २८ टन. एवढा भार सोसायला पूल बांधलेलाच नसतो, आणि मग वाहनासाठी ताकद उरत नाही. मोरबीतली चूक हीच होती. डांबर वाढलं तर नवा थर घालण्याआधी जुना खरवडावा. फळ्यांचा तळ असेल तर फळ्यांचाच ठेवावा. आपल्या भागातल्या ऐन-किंदळासारख्या टणक लाकडाच्या, प्रक्रिया केलेल्या फळ्या, मधे बोटाएवढी फट, स्ट्रिंजर आणि फळी यांमध्ये डांबरी फेल्टची पट्टी, आणि खिळ्यांऐवजी बोल्ट.

रंगाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो: गंजावर मारलेला रंग हा गंजाचं पांघरूण असतो. जुन्या पुलांवर खालचा थर बहुधा शेंदरी, शिशाच्या रेड लेडचा असतो. तो कोरडा घासला तर शिशाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात आणि खालच्या पाण्यात जाते. ओलं करून खरवडावं, खाली ताडपत्री पसरावी, मास्क वापरावा, खरवड गोळा करून सुरक्षित जागी द्यावी. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उन्हं वर आल्यावर. सकाळी लोखंडावर दव असतं आणि हवेत ८५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असली तर रंग धरत नाही. सँडब्लास्टिंग करता येत असेल तर उत्तम. नसेल तर पॉवर ब्रशने सैल गंज पूर्ण काढून हाताने घासलेल्या पृष्ठभागालाही धरणारं इपॉक्सी मॅस्टिक दोन हात, आणि वर उन्हाला टिकणारा पॉलियुरेथेन. कडा आणि रिव्हेटच्या माथ्यांवर आधी ब्रशने एक हात वेगळा द्यायचा, कारण रंग तिथेच पातळ राहतो. हिशेब असा: १० मिलिमीटर जाडीच्या कामात टनाला सुमारे २५ चौरस मीटर पृष्ठभाग येतो. २० टनांच्या पुलाला ५०० चौरस मीटर. १०० मायक्रॉनच्या थराला प्रत्यक्षात लिटरमागे पाच-साडेपाच चौरस मीटर धरले तर एका हाताला नव्वद ते शंभर लिटर लागतात. निविदेत याच्या निम्मा रंग दाखवला असेल तर पुलाखालच्या बाजूला ब्रश जाणार नाही हे ओळखावं.

उसाच्या हंगामाकडे यायलाच हवं. चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात गळीत सुरू झालं की नेव्हिगेशनचा जवळचा रस्ता पकडून दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आडरस्त्यांवर येतात. टोळ्या मराठवाड्यातून आलेल्या असतात, चालकाला पुलाची माहिती नसते. वजनाने जेवढं नुकसान होतं त्याहून लवकर उंचीने होतं. पुलाच्या तोंडावरची आडवी पोर्टल चौकट वरच्या दोन्ही कॉर्डना सरळ ठेवते. उसाच्या मोळ्यांची धडक बसून ती वाकली की वरची कॉर्ड बाजूला सरकायला मोकळी होते. म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंना ३० ते ५० मीटर अलीकडे, जिथून वाहन वळवता येईल अशा जागी, लोखंडी उंची-कमान हवी. तिची उंची पोर्टलच्या सर्वांत खालच्या भागापेक्षा १५ सेंटीमीटर कमी, आणि माप आजच्या डांबरापासून घ्यायचं, जुन्या नकाशावरून नाही. वजनमर्यादेचा फलक कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत, मोठ्या आकड्यात, आणि तो फाट्यावर. पुलापाशी लावलेला फलक वाचून कोणी ट्रॅक्टर मागे घेत नाही, कारण दोन ट्रॉल्यांसह मागे घेताच येत नाही. पूल फक्त दुचाकी आणि मोटारींसाठी ठेवायचा ठरला तर मधे काढता येईल असा कुलपाचा खांब रोवावा आणि किल्ली जवळच्या दोन घरांत ठेवावी, रुग्णवाहिका अडू नये. कारखान्यांनी ऊसतोड कार्यक्रमासोबत वाहतूकदारांना अशा पुलांची यादी दिली तर अर्धा प्रश्न सुटेल.

वाकलेली पोर्टल सरळ करता येते. चीर नाही याची खात्री करून, पोलाद असेल तर ६५० अंशांच्या आत, काळसर लाल रंगापर्यंतच तापवून, जॅकने हळूहळू. पिवळसर तापवून घणाने ठोकणं म्हणजे तो तुकडा वाया घालवणं.

पुराच्या पाण्याचा धोका सर्वांना दिसतो, पण खरी हानी पाण्याखाली होते. खांबाच्या पायथ्याची वाळू-माती वाहून जाते, आणि वाळूउपशाने पात्र आधीच खाली गेलेलं असतं. पाणी उतरताच लांब बांबूने खांबाभोवती खोली मोजून गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावी. पाणी खालच्या कॉर्डला टेकलं तर कैची वाहून आलेल्या झाडोऱ्याची जाळी बनते आणि प्रवाहाचा सगळा जोर आडवा येतो. त्या वेळी पूल बंद. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, कल्लोळ-यडूर यांसारखे बंधाऱ्यांवरचे मार्ग पाण्याखाली गेले की बंद करायची सवय आपल्याकडे आहेच. कैचीच्या पुलाला तोच नियम, फक्त पाणी रस्त्यावर यायची वाट न बघता.

आता प्रशासनाकडे मागणी. केंद्राने २०१६ मध्ये सुरू केलेली पूल व्यवस्थापन प्रणाली राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांपुरती आहे. गावरस्त्यावरचा पूल कधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, कधी पंचायत राज अभियांत्रिकी विभागाकडे, कालव्यावरचा पाटबंधारे निगमाकडे. काही नद्यांचा एक काठ कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यात. यामुळे कोणाच्याच वहीत नोंद नाही असे पूल राहतात. जिल्हाधिकाऱ्यांनी या सगळ्यांची मिळून एकच यादी करावी: जागा, गाळे, लांबी, पोर्टलची उंची, कारखान्याची पाटी, खालच्या सांध्यांची जाडी, बेअरिंगची अवस्था. मापं घेऊन नकाशे करायला विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ बेळगावातच आहे आणि स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थीही आहेत. क्षमता काढण्याची पद्धत इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-पुलांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एसपी ३७ या पुस्तिकेत आहे, तपासणीची एसपी ३५ मध्ये, मजबुतीकरणाची एसपी ४० मध्ये. नवं काही शोधायचं नाही.

ज्या पुलाची क्षमता खरोखरच संपली आहे तिथे नवा पूल बांधावाच. त्याबद्दल आमचं दुमत नाही, शाळेच्या मुलांना आणि बाजाराला जाणाऱ्यांना इतिहासासाठी धोक्यात घालणं कोणालाच मान्य होणार नाही. पण नवा पूल पंधरा-वीस मीटर वरच्या किंवा खालच्या बाजूला बांधून जुना पायी जाणाऱ्यांसाठी, मर्यादित संख्येने, ठेवता येतो. भरूचचा १८८१ चा गोल्डन ब्रिज शेजारी नवा पूल झाल्यावरही उभा आहे. अहमदाबादचा १८९२ चा एलिस पूल दोन्ही बाजूंना काँक्रीटचे पूल बांधून मधोमध राखला गेला. नव्या पुलाचा पाया खोदताना मात्र जुन्या खांबाच्या मुळाशी जाऊ नये आणि प्रवाहाची दिशा जुन्या खांबावर वळणार नाही हे आराखड्यातच पाहावं.

जागेवर ठेवणं अशक्यच असेल तर पूल कापू नये, उलगडावा. प्रत्येक भागावर रंगाने क्रमांक, प्रत्येक सांध्याचा फोटो, खालून पूर्ण टेकू, मग रिव्हेट एकेक काढत. असा उलगडलेला गाळा एखाद्या ओढ्यावर पायवाटेचा पूल म्हणून पुन्हा उभा राहू शकतो. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात लाकडी साकवावरून जाणाऱ्या वाड्यांना त्याचा उपयोग होईल.

गळीत हंगाम तोंडावर आहे. यादीला वेळ लागेल, निधीला त्याहून जास्त. उंचीच्या कमानी आणि दोन्ही भाषांतले फलक मात्र पहिला ट्रॅक्टर फाट्यावर येण्याआधी लागू शकतात, आणि सांधे या आठवड्यातही धुता येतात. ज्या पंचायतींना मोजणी करून घ्यायची आहे त्यांनी पुलाखाली जायला शिडी आणि एक दोर एवढी सोय करावी. हातोडी, व्हर्नियर आणि जाडी मोजायचं गेज घेऊन आम्ही विनामूल्य येऊ आणि मापांची वही पंचायतीतच ठेवून जाऊ.

आपले,
पूल देखभाल व फॅब्रिकेशन क्षेत्रातील काही निवृत्त तंत्रज्ञ,
बेळगाव, खानापूर, चिकोडी